नाम नको, क्रियापद द्या : इंग्रजीच्या वर्गासाठी साहित्य बनवताना

(लखनौच्या मानक नगरमध्ये संध्याकाळचा मोफत वर्ग चालवणाऱ्या तरुण पदवीधरांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



काल पुष्पक एक्स्प्रेसने आले. भुसावळ, भोपाळ, झांशी, कानपूर असं करत गाडी लखनौला पोचली. इथे आल्यावर पहिल्यांदा लक्ष गेलं ते तुमच्या वस्तीच्या नावाकडे. रेल्वेचा जो मोठा संशोधन विभाग इथे आहे, १९५७ साली स्थापन झालेला, त्याच्या हिंदी नावातच ‘मानक’ हा शब्द आहे. रूळ कसा असावा, डबा कसा असावा, त्याचं प्रमाण इथे ठरतं. मराठीत मानकला आपण प्रमाण म्हणतो. आणि प्रमाण म्हटलं की मला रूळ आठवत नाही, प्रमाणभाषा आठवते.

माझं शिक्षण विदर्भातल्या खेड्यात झालं. आमच्या घरात ‘पाणी’ नव्हतं, ‘पानी’ होतं. शहरातल्या कॉलेजात पहिल्या महिन्यात मी वर्गात ‘पानी’ म्हणाले आणि मागच्या दोन बाकांवरून हसू आलं. मराठीतच हसले हो, इंग्रजी तर लांबच. त्यानंतर मी तीन वर्षं वर्गात तोंड उघडलं नाही. पुढे इंग्रजीत एम.ए. केलं, तेही लिहून लिहून, बोलून नाही. इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांची हीच कथा असणार. घरातले पहिले पदवीधर आपण. आपल्याला एक नाही, दोन दोन प्रमाणभाषांनी गप्प केलं आहे. रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, त्यात तडजोड चालत नाही, नाहीतर गाडी घसरेल. ‘पानी’ म्हटल्याने मात्र कुणाची गाडी घसरलेली मी अजून पाहिली नाही.

तुम्ही मला बोलावलं ते वेगळ्या कामासाठी. वर्गाला चाळीसेक मुलं येतात. कंत्राटी सफाई कामगारांची, गवंड्यांची, घरकाम करणाऱ्या बायांची. घरी अवधी, शाळेत हिंदी. तुम्ही वर्गणी काढली आहे आणि त्यातून इंग्रजीचं एक तयार किट घ्यायचा विचार आहे. त्याचा माहितीपट काल रात्री दादांनी मला मोबाइलवर दाखवला. चित्रं छान आहेत. प्राणी बोलतात, गाणी आहेत, बक्षिसाचे तारे पडतात. घ्यावं का, असं विचारलंत. माझं उत्तर ‘घेऊ नका’ असं आहे. पण ते का, हे सांगायला मला माझी एक चूक सांगावी लागेल.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवते. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. आमच्या वेळी पाचवीपासून होतं. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी सहावीसाठी स्वतः एक कार्यपत्रिका बनवली. रात्री जागून. वर सहा चित्रं : डॉक्टर, शिक्षक, शेतकरी, पोलीस, दुकानदार, ड्रायव्हर. खाली रिकामी जागा : ‘माय फादर इज अ …’ योग्य शब्द निवडा, लिहा, मग उभं राहून वर्गाला सांगा. रंगीत झेरॉक्स पदरच्या पैशाने काढल्या होत्या. मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

एका मुलीने चित्रं रंगवली आणि जागा रिकामी ठेवली. तिचे वडील नगरपालिकेच्या ठेकेदाराकडे नाल्या साफ करायचे. दुसऱ्या एका मुलाने ‘फार्मर’ लिहिलं. त्याच्या बापाच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, ते मला माहीत होतं. तिसऱ्याने ‘डॉक्टर’ लिहिलं आणि वर्ग हसला. त्या मुलीची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली, पत्रिका पाठीमागे धरली आणि नुसती उभीच राहिली. मी काय केलं असेल? मी म्हणाले, “बेटा, इंग्रजीला घाबरायचं नाही.” ती इंग्रजीला घाबरलीच नव्हती. तिला तो शब्द येत नव्हता असंही नाही. तो शब्द सगळ्या वर्गासमोर, गावातल्या सगळ्या आडनावांसमोर, स्वतःच्या तोंडाने म्हणायचा नव्हता. हे मला, मी स्वतः तीन वर्षं गप्प बसलेली बाई असूनही, त्या दिवशी कळलं नाही. संध्याकाळी पत्रिका तपासताना कळलं. डॉक्टरचा कोट तिने निळ्या रंगाने रंगवला होता.

त्या पत्रिकेत व्याकरण बरोबर होतं, चित्रं बरोबर होती. दोष त्या रिकाम्या जागेत होता. ती जागा एक नाम मागत होती. आपल्याकडे कामाचं नाम विचारलं की जात विचारल्यासारखंच होतं. जात ही कामाची नसून काम करणाऱ्यांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडून ठेवलं आहे. आपण ते जयंतीला भाषणात म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ‘व्हॉट इज युवर फादर?’ विचारतो.

मग मी प्रश्न बदलला. ‘घरात सगळ्यात आधी कोण उठतं? उठल्यावर ती काय काय करते?’ बस्स, एवढंच. ‘माय मदर गेट्स अप ॲट फोर. शी फिल्स वॉटर. शी लाइट्स द स्टोव्ह.’ पाठ्यपुस्तकात साध्या वर्तमानकाळाचा जो ‘एस’ शिकवता शिकवता आपला घसा बसतो, तो इथे प्रत्येक वाक्यात येतो. आणि चाळीस मुलांपैकी एकाचंही पान रिकामं राहत नाही, कारण कुणीतरी आधी उठतंच. त्या मुलीने अकरा वाक्यं लिहिली. त्यात वडीलही होते : ते पाचला निघतात, सायकल चालवतात, दहाला परततात, आंघोळ करतात, मग चहा पितात. काय काम करतात ते तिने लिहिलं नाही. मी विचारलं नाही. आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतील, अभिमानाने सांगायला शिकवा ना! शिकवू. पण अकरा वर्षांच्या पोराच्या तोंडून आपला अभिमान वदवून घेणं हीसुद्धा एक जबरदस्तीच आहे. सांगायचं की नाही, कधी आणि कुणाला, हे तिचं तिला ठरवू द्या.

तर साहित्य बनवताना माझा पहिला नियम हा झाला : मुलाकडून नाम मागू नका, क्रियापद मागा.

आता त्या किटकडे या. त्यातलं घर पाहिलंत? ड्रॉइंग रूम, डायनिंग रूम, सोफा, बाथटब. आमच्याही पुस्तकात असंच एक घर होतं. आणि एका चित्राखाली ‘सूप’ असा शब्द. वाडग्यातून वाफ निघतेय. आमच्या मुलांना कळेना, सूप तर बांबूचं असतं, त्याने धान्य पाखडतात, ते वाडग्यात कसं मावलं? मी हसले, मुलंही हसली, पण त्यातून मला एक कल्पना सुचली. मुलांना सांगितलं, घरातल्या दहा वस्तू जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढून आणा. लग्नपत्रिकेचा कागद जाड असतो, फुकट मिळतो, पत्ते छान होतात. सूप आलं, खराटा आला, पाटा-वरवंटा आला, विळा, न्हाणी, दोरीवरची वाळवण. ‘न्हाणीला इंग्रजीत काय म्हणायचं, मॅडम?’ बाथरूम म्हणावं तर ते बाथरूम नाही. चार फरशा, एक पडदा, तिथेच भांडी. मी म्हणाले, एक शब्द नाही सापडत, तर सांगून टाका ना काय आहे ते : ‘द कॉर्नर व्हेअर वी वॉश.’ त्या दिवसापासून आमच्या वर्गात तो खेळच झाला. एकाने चित्र लपवायचं आणि नाव न घेता सांगायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. ‘वी क्लीन राइस विथ इट. इट इज मेड ऑफ बांबू.’ शब्द अडला म्हणून गप्प बसायचं नाही, वळसा घालून जायचं, ही सवय ज्याला लागली तो मुलाखतीत अडत नाही. मला स्वतःला ती तिशीनंतर लागली.

इथली मुलं अवधीत या वस्तूंना काय म्हणतात ते मला माहीत नाही. तुम्हालाही बहुतेक माहीत नसणार. म्हणून तुमच्या वर्गात तर हा खेळ आणखी रंगेल. मुलं तुम्हाला शब्द शिकवतील, तुम्ही त्यांना. वर्गात मराठी-हिंदी बोललं तर दंड, असा नियम काही शाळांत असतो. तो आणू नका. ज्याच्या घरात इंग्रजी नाही त्याच्यावर तो दंड रोजचा बसतो.

दुसरी गोष्ट जोड्यांची. इंग्रजी बोलायला शिकवायचं तर जोडीकाम लागतंच. साठ मुलांच्या वर्गात एकेकाला उभं करून काय होणार? पण ‘शेजाऱ्याशी बोला’ म्हटलं की आमच्या वर्गात जे व्हायचं ते सांगते. शेजारी म्हणजे त्याच आळीतला. मुलं आळीप्रमाणे बसतात, कुणी बसवत नाही, तरी बसतात. मी एकदा दोघांना उठवून बदललं, तर दुसऱ्या दिवशी एकाचे काका शाळेत. फार गोड बोलले. ‘मॅडम, पोराला तिथून फळा दिसत नाही.’

तेव्हापासून जोड्या मी लावत नाही, वाक्यं लावतात. एक वाक्य पट्टीवर लिहायचं, मधून कापायचं. ‘इफ इट रेन्स टुडे’ एका चिठ्ठीवर, ‘वी विल स्टे इनसाइड’ दुसरीवर. टोपलीत टाकायच्या, प्रत्येकाने एक उचलायची आणि वर्गभर फिरून, वाक्य मोठ्याने म्हणत, आपला दुसरा अर्धा भाग शोधायचा. ज्याचं वाक्य जुळलं त्याच्याजवळ त्या तासापुरतं बसायचं. आता काकांना काय सांगणार? व्याकरणाने बसवलं! जात एवढ्याने मोडत नाही, मला काही भ्रम नाही. पण जी दोन मुलं आजवर एकमेकांशी बोललीच नव्हती त्यांना वाक्य पुरं करायला एकमेकांची गरज पडते. आणि जर-तरची वाक्यरचना पक्की होते ती वेगळीच.

बसल्यावर त्यांना काय बोलायला लावायचं? इथे तुमच्याकडे सोन्याची खाण आहे, स्टेशन. एकाच वेळापत्रकाच्या दोन प्रती करा. एकीवर गाडी सुटायची वेळ खोडा, दुसरीवर फलाट क्रमांक खोडा. दोघांनी एकमेकांचा कागद पाहायचा नाही, विचारूनच भरायचा. ‘व्हेन डझ इट लीव्ह? विच प्लॅटफॉर्म?’ पोपटपंचीत आणि यात फरक एवढाच की इथे विचारणाऱ्याला उत्तर खरोखर माहीत नसतं. शिक्षक नेहमी जे प्रश्न विचारतो त्यांची उत्तरं त्याला आधीच माहीत असतात. मुलांना ते कळतं, म्हणून ती कंटाळतात. खर्च म्हणाल तर दोन झेरॉक्स.

धावतं श्रुतलेखन तुमच्यापैकी कुणी केलं आहे का? परिच्छेद भिंतीवर चिकटवायचा, जोडीतल्या एकाने पळत जाऊन ओळ वाचायची, लक्षात ठेवून परत येऊन सांगायची, दुसऱ्याने लिहायची. निम्म्यावर अदलाबदल. गोंगाट होतो, शेजारचे शिक्षक तक्रार करतात. होऊ द्या.

भिंतीवर काय चिकटवायचं, हा खरा प्रश्न. मी आठवी-नववीला बाबासाहेबांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ घेते. लहानसं आठवणींचं लेखन आहे, पुस्तिका म्हणून १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने काढलं. कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतं. इतकं साधं इंग्रजी की मुलांना धक्का बसतो. एवढा मोठा माणूस आणि एवढी सोपी वाक्यं? त्यातली पहिली आठवण १९०१ सालची. चार मुलं सातारा भागातून वडिलांना भेटायला कोरेगावला निघाली आहेत. छान नवे कपडे, पहिलाच आगगाडीचा प्रवास. मसूर स्टेशनवर उतरतात, न्यायला कुणी आलेलं नाही. स्टेशनमास्तर येऊन विचारपूस करतो. कपड्यांवरून त्याला ती ब्राह्मणांची मुलं वाटतात. तुम्ही कोण, या प्रश्नाला लहानगा भीमराव विचार न करता खरं उत्तर देतो. स्टेशनमास्तरचा चेहरा पालटतो आणि तो मागे सरतो. मग बैलगाडीवाले तयार होत नाहीत. शेवटी दुप्पट भाडं ठरतं, वर गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान चालत येणार. जवळ खायला होतं, पण रात्रभर पाणी मिळालं नाही.

रेल्वेच्या वस्तीत बसून मी हे सांगते आहे, म्हणून थोडं थांबते.

‘इंट्रोड्यूस युवरसेल्फ.’ जगातल्या प्रत्येक इंग्रजीच्या पुस्तकाचा हा पहिला धडा. आणि मसूरच्या फलाटावर नेमका हाच प्रश्न विचारला गेला होता. तुमची पहिली मुलाखत आठवा. ‘फुल नेम?’ मग आडनावावर थांबलेली ती नजर. हा धडा आपल्या मुलांसाठी कधीच नुसता भाषेचा धडा नसतो. साहित्य बनवणाऱ्याने हे विसरून चालणार नाही.

या मजकुरावरून काम काय द्यायचं? त्यात एक पत्र आहे. वडिलांनी न्यायला कुणाला तरी पाठवावं म्हणून मुलांनी लिहिलेलं पत्र पोचलं होतं, पण नोकर ते द्यायला विसरला. मुलांना ते पत्र लिहायला सांगते. कोणती गाडी, कधी, किती जण. दुसरं काम, स्टेशनमास्तरला प्रश्न विचारा. गेल्या वर्षी एका मुलाने लिहिलं होतं, ‘व्हाय डिड यू स्टेप्ड बॅक?’ ‘डिड’नंतर ‘स्टेप’ हवं, हे मी त्या दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं. चुका कधी दुरुस्त करायच्या हे कुठल्या किटमध्ये लिहिलेलं नसतं, ते वर्गात बसलेल्या माणसालाच कळतं.

ऐकण्यासाठीही बाबासाहेब आहेत. १९५५ सालची बीबीसीची मुलाखत मोबाइलवर सापडते. दोन मिनिटं तीनदा ऐकवा. पहिल्यांदा नुसतं ऐका, दुसऱ्यांदा पाच शब्द टिपा, तिसऱ्यांदा एक वाक्य पुरं लिहा. ते परदेशी ढंगाने बोलत नाहीत. ‘ॲक्सेंट’ची भीती घालवायला याहून चांगलं औषध मला माहीत नाही.

आता मोठ्यांच्या वर्गाबद्दल, कारण रविवारी तुम्ही कॉलेजच्या मुलांनाही शिकवता. अर्जाचा नमुना बाजारच्या पुस्तकातून घेऊ नका. ‘विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट’ आणि शेवटी ‘युवर मोस्ट ओबीडिएंट सर्व्हंट’. अहो, शिष्यवृत्ती अडकली आहे ती विचारायची आहे, भीक कुठे मागायची आहे? मी माझ्या विद्यार्थ्यांना माहितीच्या अधिकाराचा अर्ज आधी शिकवते. २००५ च्या कायद्यात माहिती का हवी याचं कारण द्यावं लागत नाही, साधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. या अर्जात विनवणी लिहायला जागाच नाही. ‘प्लीज प्रोव्हाइड’, मग एक, दोन, तीन. तारखा, अर्ज क्रमांक, किती रक्कम, कोणत्या तारखेला. एकदा हा सूर हाताला बसला की गाइडला लिहायची ईमेलही चार ओळींची होते : मी कोण, काय पाठवते आहे, काय हवं आहे, कधीपर्यंत. नम्रपणा ठेवा. पण ‘बेग’ काढून ‘रिक्वेस्ट’ लिहायला एक मिनिट लागतं आणि माणूस सरळ उभा राहतो.

संविधानाची उद्देशिका माहीतच आहे. ते सबंध एकच वाक्य आहे, हे किती जणांच्या लक्षात आलं होतं? पट्ट्या कापा, क्रम लावायला द्या. कर्ता कुठे, क्रियापद किती लांब जाऊन येतं, काय कुणाला द्यायचं ठरवलं आहे. वाक्याचं पृथक्करण शिकवायला मी दुसरं वाक्य वापरतच नाही.

काल कुणीतरी मला बांका गावाबद्दल विचारलं. इथून लखीमपूर खेरी फार लांब नाही. तिथे २०१० साली चंद्रभान प्रसाद यांच्या पुढाकाराने इंग्रजी देवीचं मंदिर बांधायला घेतलं होतं. संगणकावर उभी असलेली देवी, एका हातात लेखणी, दुसऱ्या हातात संविधान. प्रशासनाने बांधकाम थांबवलं. त्यामागची तळमळ मला कळते. सावित्रीबाईंनी १८५४ सालच्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिका म्हणून सांगितलंच होतं, ती हाक जुनी आहे. पण देवीचं दर्शन घेतात, आणि दर्शन घेऊन माणूस घरी जातो. मला इंग्रजी सुताराच्या रंध्यासारखी हवी. हातात धरायची, लाकडावर चालवायची, धार गेली की लावायची. किटबद्दलही माझी तक्रार तीच. मुलं तारे पडताना बघतात, स्वतः काही करत नाहीत.

वर्गणीचे पैसे परत करू नका. त्यातून झेरॉक्स, स्केचपेन, डिंक आणि एक ब्लूटूथ स्पीकर घ्या. मोबाइलचा आवाज मागच्या ओळीपर्यंत जात नाही. उरलेल्यातून मुलांना रोज काहीतरी खायला द्या, संध्याकाळी पाचला पोटात काही नसतं.

उद्या सकाळी दहाला आपण इथेच बसणार आहोत. पहिल्या आठवड्याचं साहित्य उद्याच बनवायचं : चाळीस अर्ध्या वाक्यांच्या चिठ्ठ्या, वेळापत्रकाचे वीस जोड आणि ‘आधी कोण उठतं’ची एक पत्रिका. येताना जुन्या लग्नपत्रिका आणा. इथे कात्र्या दोनच आहेत, तेव्हा ज्यांच्याकडे असेल त्यांनी घरून आणा.